चादरीचा भाव कळतो, वीण कळत नाही

मोबाइलवर ‘सोलापुरी चादर’ असं टाकलं की पडद्यावर चादरींची रांग लागते. मोर, फुलं, चौकडे; लाल, निळ्या, हिरव्या; भाव शेजारी शेजारी. त्यातली कुठली अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मागावरून उतरली आणि कुठली दुसऱ्याच गावची, हे फोटोवरून भल्याभल्यांना सांगता येत नाही. बाहेरचा माल सोलापुरी म्हणून खपवतात, ही इथल्या यंत्रमागधारकांची जुनी तक्रार. इंटरनेटने त्या खपवाखपवीला देशभराचं गिऱ्हाईक मिळवून दिलं.

गंमत अशी की माहिती तंत्रज्ञान सोलापूरला नवं नाही. संगणक यायच्या कितीतरी आधीपासून ते इथल्या मागांच्या माथ्यावर बसलेलं आहे. जकार्ड म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. पुठ्ठ्यात भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो, उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो, धागा खालीच राहतो. मधून धोटा पळतो, पुढचा पुठ्ठा येतो. होय आणि नाही, एवढ्या दोन उत्तरांतून मोराचा अख्खा पिसारा उमटतो. चादर उलटली की तोच मोर रंगांची अदलाबदल करून मागच्या अंगालाही भेटतो.

या यंत्राचं श्रेय फ्रान्समधल्या ल्याँ शहरच्या जोसेफ मारी जकार्डला मिळालं, साल १८०४. पण त्याच शहरात १७२५ मध्ये बाझिल बुशोंने भोकं पाडलेला कागद मागाला जोडला होता. त्याचा सहकारी फाल्कों याने तीनच वर्षांत लांबलचक कागदाऐवजी सुटे पुठ्ठे ओवायची युक्ती काढली. १७४५ च्या सुमारास व्होकान्सोंने माग आपोआप चालवून दाखवला. जकार्डने या साऱ्यांचं काम एकत्र आणून कारखान्यात टिकेल असं यंत्र उभं केलं. हे काम मोठंच, पण बुशों आणि फाल्कों यांची नावं आज मागावर उभ्या असलेल्या कुणाला विचारून पाहा! डोकं एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हा प्रकार सोलापूरकरांना निराळा समजावून सांगायला नको.

पुढे चार्ल्स बॅबेजने जकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र मिळवलं. ते विणायला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते, आणि पाहणाऱ्याला ते छापील वाटे. आपल्या नियोजित गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी बॅबेजने अशीच कार्डं निवडली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली. त्याची कंपनी १९११ मध्ये इतरांत विलीन झाली आणि त्यातून बनलेल्या कंपनीने १९२४ मध्ये नाव घेतलं आयबीएम. म्हणजे विणकराची युक्ती संगणकात गेली, आणि आता तोच संगणक विणकराच्या मालाला गिऱ्हाईक कुठलं मिळणार ते ठरवतो.

इंटरनेट आलं की दलाल संपेल, भाव सगळीकडे सारखे होतील, असं भाकीत मोठ्या झोकात केलं गेलं होतं. ते अगदीच पोकळ नव्हतं. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोहोचले तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच बंदराबंदराचे भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार त्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला तारली ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोघांचंही भलं झालं. पण ताजी तारली ती तारलीच. ती डोळ्यांनी पारखता येते.

चादरीचं तसं नाही. सूत किती, वीण किती घट्ट, रंग पहिल्या धुण्यात उतरेल का, हे गिऱ्हाइकाला वापरल्यावरच कळतं, विकणाऱ्याला आधीच माहीत असतं. या अवस्थेचं गणित अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लोफने १९७० च्या एका निबंधात जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून मांडलं. पारख करता येत नसेल तर गिऱ्हाईक सरासरी भाव देतं, त्या भावात चांगला माल परवडत नाही, आणि चांगला विक्रेता बाजारातून उठतो. हा निबंध छापायला तीन नियतकालिकांनी नकार दिला होता. २००१ मध्ये त्याच कामासाठी नोबेल मिळालं. मोबाइलने भाव शोधायचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला, पारखायचा खर्च होता तिथेच राहिला. मग स्पर्धा होते ती मोजता येणाऱ्या एकाच गोष्टीवर, भावावर.

आणि दलाल? त्याने फक्त पत्ता बदलला. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत प्रवेशाजवळच्या गाळ्याला जो मान, तोच शोधनिकालांच्या पहिल्या ओळींना. या ओळींचा लिलाव होतो, तोही शब्दागणिक. १९९८ मध्ये गोटू नावाच्या अमेरिकी कंपनीने ही पद्धत सुरू केली आणि पुढे गूगलने ती जगभर नेली. ‘चादर’ या शब्दावर बोली लावायची तर चार मागांच्या मालकाची गाठ थेट बड्या ब्रँडशी पडते. वर ऑनलाइन विक्री मंचाचं कमिशन आणि परत आलेल्या मालाचं भाडं. शिवाय कुठला रंग कुठल्या शहरात खपतो, हा हिशेब मंचाकडे जमतो. विक्रेत्यांचीच आकडेवारी त्यांच्याविरुद्ध वापरल्याचा आक्षेप युरोपीय आयोगाने २०२० मध्ये ॲमेझॉनवर घेतला. २०२२ च्या अखेरीस कंपनीने पद्धत बदलण्याची बांधीलकी दिली. भारतात स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांची चौकशी जानेवारी २०२० मध्ये लावली. ओएनडीसीसारखं ऑनलाइन विक्रीचं खुलं जाळं एकाच मंचाची मक्तेदारी सैल करू शकेल, पण चादरीची वीण त्यावरही दिसणार नाही.

अकर्लोफच्या कोड्यावर सोलापूरकडे एक तोड आहे, ती म्हणजे नाव. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांची भौगोलिक निर्देशांक म्हणून २००५-०६ मध्ये चेन्नईच्या कार्यालयात नोंद झाली. देशात अशा नोंदी सुरू झाल्या त्याच सुमाराची ही गोष्ट. नोंद दहा वर्षांची असते, ती पुन्हा वाढवता येते. अडचण अंमलबजावणीची आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमानुसार विक्री मंच हा मध्यस्थ ठरला, तर अटी पाळल्यावर दुसऱ्याने टाकलेल्या जाहिरातीची जबाबदारी सहसा त्याच्यावर येत नाही. म्हणजे नकली चादर शोधायची कारखानदाराने, तक्रारही त्यानेच करायची, आणि ती उतरवली गेली की दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने तीच चादर पुन्हा चढते का यावर नजरही त्यानेच ठेवायची.