दौलतगंजातली मराठी

बदलीचा कागद घरात आला की मोठ्यांना भाड्याचं घर, गॅस आणि सामानाची काळजी लागते. मुलांचा प्रश्न एकच असतो, तिथं आपल्याशी कोण खेळणार? 2014 च्या जूनमध्ये यजमानांची बँकेतली बदली ग्वाल्हेरला झाली, तेव्हा आमची मुलगी सात वर्षांची होती आणि मुलगा चार. मी महाविद्यालयातून बिनपगारी रजा घेतली आणि आम्ही बेळगावहून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो. एक रात्र, अख्खा दिवस आणि वर पुन्हा अर्धी रात्र. देश तोच होता म्हणा, पण मध्यरात्री फलाटावर उतरताना वारा तापल्या तव्यावरून आल्यासारखा अंगाला लागला आणि धाकट्याने विचारलं, "आई, इथं पाऊस नसतोच का?" आमच्याकडे तेव्हा रोहिणीचा पेरा होऊन मृग बरसत होता.

घर मिळालं दौलतगंजला, महाराज बाड्याजवळ. आपल्या वाड्याचा तिकडे बाडा होतो. गल्ल्या अरुंद, जुन्या घरांना कोरीव दगडी सज्जे, आणि नावं मात्र ओळखीची. पाटणकर बाजार, फालका बाजार, जिवाजीगंज. दौलतगंजाच्या तर नावातच दौलतराव शिंदे आहेत. 1810 मध्ये त्यांच्या फौजेने किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तो पुन्हा हलला नाही. तळाचंच शहर झालं आणि नावही लष्कर हेच राहिलं. त्याच्या आदल्या वर्षी ब्राउटन नावाचा एक इंग्रज अधिकारी दौलतरावांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याची पत्रं 1813 मध्ये छापली गेली. ती छावणी म्हणजे नुसते शिपाई आणि घोडे नव्हेत, बाजार आणि बायकापोरांसकट चालतं गाव होतं. त्या पोरांनीही आपल्या आयांना विचारलंच असेल, इथं आपल्याशी कोण खेळणार?

आमच्या मालकीण आजी अशाच एका घरातल्या. कितवी पिढी ते त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं. पहिल्याच सकाळी त्या म्हणाल्या, "अगं, मुलांना दूध देऊन दे, मग आपण आरामात गोष्ट करू." मुलगी पुढं येऊन बसली, तिला वाटलं आजी आता राजाराणीची गोष्ट सांगणार. त्यांच्या मराठीत गोष्ट करणं म्हणजे बोलणं. तासाला त्या घंटा म्हणत. "एका घंट्यात भाजीवाला येऊन जाईल," हे वाक्य आम्ही रोज ऐकायचो. मराठी शिकवणाऱ्या बाईच्या कानाला आधी ते टोचलं. महिन्याभरात गोड वाटू लागलं.

मुलांची फजिती वेगळीच. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी "कॉपी निकालो" म्हटलं आणि आमची लेक घाबरून बसली. परीक्षा नाही, काही नाही, आणि बाई स्वतःच कॉपी करायला सांगतात! तिकडे वहीला कॉपी म्हणतात. एका सरकारी इमारतीवर 'शिक्षा विभाग' अशी पाटी वाचून तिने माझा हात घट्ट धरला होता. इथं मुलांना नेऊन मारतात का, असं तिने विचारलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण हे तिला पटायला बरेच दिवस लागले. (आपल्याकडच्या काही शाळा आठवल्या तर तिचं फारसं चुकलंही नव्हतं.)

खाण्याचं म्हणाल तर पोहे-जिलेबीने मुलं खूश, थंडीत गजक मिळाल्यावर तर विचारू नका. जोंधळ्याच्या भाकरीवाचून अडलं ते माझंच.

आजींचा नातू आठ वर्षांचा. आजी मराठीत बोलत, त्याला सगळं कळे, उत्तर हिंदीत येई. आजींना त्याचं फार लागे. पण आमची मुलगी आली आणि चमत्कार झाला. तिला हिंदी येत नव्हतं आणि त्याला खेळायला कुणीतरी हवं होतं, म्हणून तो मराठी बोलू लागला. मोडकी, अडखळत, पण बोलू लागला. "ए, माझी बारी आली," "तू खोटा खेळून राहिली." आजी दाराआड उभं राहून ऐकत. दिवाळीपर्यंत हे चाललं. मग मुलीला हिंदी यायला लागलं आणि एक दिवस जिन्यावरून दोघांचं भांडण अस्सल ग्वाल्हेरी हिंदीत ऐकू आलं. मराठीची गरज संपली होती. धाकट्याने तर तोवर बाहुल्यांशीसुद्धा हिंदीतच बोलायला सुरुवात केली होती.

मी सीमाभागातली. भाषा जाते ती कुणीतरी वरून दुसरी लादल्यामुळे, हे ऐकतच आम्ही वाढलो, आणि त्यात खोटं काही नाही. पण ग्वाल्हेरला मराठीवर कुणी काही लादलं नव्हतं. राजा मराठी, सरदार मराठी. भा. रा. तांबे संस्थानाचे राजकवी, 1941 मध्ये तिथंच वारले. आपल्या भागातल्या इचलकरंजीचं नाव लावणारे बाळकृष्णबुवा तिथल्या वासुदेवबुवा जोशींकडे गाणं शिकले आणि ख्याल दक्षिणेत घेऊन आले. 1961 चं मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला झालं, अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे, त्या मानाच्या पहिल्या महिला मानकरी. एवढं सगळं पाठीशी असूनही आठ वर्षांच्या पोराच्या तोंडी मराठी टिकली ती खेळायला मराठी मुलगी होती तेवढेच महिने. कानडी-मराठीच्या वादात आपण शाळा, पाट्या, कचेऱ्या यांचं बोलतो. अंगणाचं कुणी बोलत नाही.

आम्ही मग रात्रीच्या जेवणाला मराठीचा नियम केला. तो अर्धाच पाळला गेला. त्यापेक्षा आजींच्या दुपारच्या पत्त्यांचा उपयोग जास्त झाला. बदामसात खेळताना हिंदी बोललं की एक पान जास्तीचं घ्यायचं, हा कायदा आजींचा. हरायची भीती भाषेच्या अभिमानापेक्षा जास्त कामाला येते हे मी तिथं पाहिलं. नातू सुटीच्या दिवसात बरं मराठी बोलू लागला. शाळा सुरू झाली की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

2017 मध्ये आम्ही परत आलो. मुलांना आता पुन्हा कानडी शिकायची होती, ती त्यांनी कुरकुरत शिकली. नातवाशी धाकट्याची मैत्री अजून आहे. दोघं फोनवर तासतासभर हिंदीत क्रिकेट बोलतात. मग आजी फोन मागून घेतात आणि विचारतात, "बाळा, जेवलास का?"

तो म्हणतो, "हो आजी, जेवून घेतलं. एका घंट्यात अभ्यासाला बसून जातो."