नित्याचे आवाज असह्य होतात तेव्हा

भांड्यांचा खणखणाट, कुकरची शिट्टी असे नित्याचे आवाजही काही रुग्णांच्या कानांत कळ उठवितात. हा ‘हायपरॲक्युसिस’. श्रवणचाचणी पुष्कळदा निर्दोष येते. त्यामुळे घरची मंडळी यास हट्ट समजतात, हे दुर्दैव. रुग्ण दिवसभर कानांत बोळे घालून बसतो. परंतु ध्वनी कमी पोहोचू लागला की मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवितो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दोन आठवडे बोळे वापरलेल्या निरोगी व्यक्तींनाही आवाज अधिक मोठे भासू लागले.

म्हणून बोळे ढोलताशांसारख्या गोंगाटापुरतेच वापरावेत. घरी पंख्याची घरघर किंवा तत्सम मंद नाद, दुखणार नाही इतकाच, तज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवावा. यास कित्येक महिने लागतात. तोवर घरच्यांनी ताटे-वाट्या जरा अलगद ठेवाव्यात.