कार्नेशन झोपली, हापूस पिकला

मार्च संपता संपता पुण्यात, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, फळ विभागात, रत्नागिरी-देवगडच्या लाकडी पेट्यांच्या थप्प्या चढू लागतात आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही दरवर्षी न चुकता येतो. आंबे कृत्रिमरीत्या पिकवणाऱ्यांवर कारवाई होणार, अशी बातमी छापून आली की लोक विचारू लागतात: पेंढ्याच्या अढीतला आंबा नैसर्गिक आणि रायपनिंग चेंबरमधला केमिकलचा, असंच ना? हातगाडीवरच्या पुठ्ठ्यावरही 'केमिकल फ्री' लिहिलेलं असतंच.

असं मुळीच नाही. दोन्हीकडे राबणारा गॅस एकच, इथिलिन. दोन कार्बन, चार हायड्रोजन, संपला रेणू. अढीत तो आंबाच सोडतो, चेंबरमध्ये तो बाहेरून सोडतात. आंब्यापाशी त्यातला फरक ओळखायचं काही साधन नाही. (आणि 'केमिकल फ्री' आंबा आपण ज्या पॉलिथिनच्या पिशवीतून घरी नेतो, ती पिशवी म्हणजे याच इथिलिनच्या रेणूंची एकमेकांना जोडलेली लांबच लांब साखळी. तिच्यावर मात्र 'केमिकल' म्हणून कुणी आक्षेप घेत नाही.)

या गॅसची ओळख पटली ती रस्त्यावरच्या दिव्यांमुळे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत कोळशापासून काढलेल्या गॅसवर दिवे जळत. मुंबईतही १८६५ पासून जळू लागले. गॅसचा नळ गळका असला की जवळच्या झाडांची पानं भलत्याच ऋतूत झडत. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत, अंधारात, वाटाण्याचे कोंब वाढवत होता. कोंब वर जायचं सोडून आडवे पसरत. बाहेरची हवा दिली की मुकाट्याने सरळ. दुसऱ्या कुणी बियाणं बदललं असतं. याने हवेवर संशय घेतला. दिव्याच्या गॅसमधले घटक एकेक करून तपासले आणि १९०१ साली इथिलिनवर बोट ठेवलं. वनस्पतीला गॅसने हुकूम देता येतो, हे त्या आडव्या कोंबांनी दाखवून दिलं.

पुढचा अंक शिकागोतला आणि तो मला सगळ्यात आवडतो. तिथल्या काचघरांत कार्नेशनची शेती करणाऱ्यांचं नुकसान होत होतं. कळ्या उमलत नव्हत्या, उमललेली फुलं पुन्हा मिटत होती. फुलं 'झोपली', असं फूलवाले म्हणत. क्रॉकर आणि नाइट या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०८ साली दाखवून दिलं की दोष गळक्या गॅसचा, त्यातही इथिलिनचा. हवेच्या वीस लाख भागांत एक भाग इथिलिन मिसळलं तरी उमललेलं कार्नेशन बारा तासांत मिटायचं. ही हकिगत आर्नो लकहार्ट या शिकागोच्याच शरीरशास्त्रज्ञाच्या डोक्यात घर करून राहिली. फुलांवर हा परिणाम, तर प्राण्यांवर काय? आधी जनावरांवर, मग स्वतःवर प्रयोग झाले आणि १९२३ साली इथिलिन चक्क शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देण्यासाठी वापरलं गेलं. बरीच वर्षं वापरात होतं. ठिणगी पडली की स्फोट होण्याची भीती, म्हणून मागे पडलं. आपल्या यार्डात फूलबाजार आणि फळबाजार एकाच आवारात आहेत. कार्नेशनच्या गड्ड्या पिकत्या आंब्यांबरोबर एका टेम्पोत रात्रभर ठेवल्या, तर शिकागोचा प्रयोग गुलटेकडीत फुकटात होईल. फूलवाल्याला आधी विचारलेलं बरं.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात वेगळंच नाटक चाललं होतं. हिरवी लिंबं पिवळी व्हावीत म्हणून बागाईतदार ती बंद खोलीत रॉकेलच्या शेगड्या पेटवून ठेवत. उष्णतेनं रंग येतो, अशी सगळ्यांची खात्री. मग कुणी तरी सुधारणा म्हणून धूर न करणारी चांगली गरम हवेची सोय केली आणि लिंबं हिरवीच राहिली! काम उष्णता करत नव्हती, अर्धवट जळालेल्या रॉकेलचा धूर करत होता. त्या धुरातलं इथिलिन फ्रँक डेनी याने १९२४ च्या सुमाराला पकडलं. आपल्याकडे केळीच्या वखारीत घड रचून, दारं लिंपून धूर करायची पद्धत होती. वखारवाल्याला रेणू माहीत नव्हता, युक्ती पक्की माहीत होती. त्याहूनही जुनी युक्ती इजिप्तमधली. तिथल्या एका जातीच्या अंजिराला चीर पाडल्याशिवाय ते पिकत नाही, असं ग्रीक पंडित थिओफ्रास्टसने दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी नोंदवून ठेवलंय. जखम झाली की फळ इथिलिन सोडतं, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. फळं स्वतःच हा गॅस बनवतात, हे इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन याने सफरचंदांवर सिद्ध केलं तेच मुळी १९३४ साली.

आता अढीत काय घडतं ते बघू. मार्केट यार्डात भाव पडल्याची आवई उठली की काय होतं? एक आडत्या घाईने माल काढतो, त्यामुळे भाव खरंच थोडा उतरतो, ते पाहून शेजारचा गाळेवाला माल काढतो, भाव आणखी उतरतो. दुपारपर्यंत सगळा बाजार बसलेला असतो आणि पहिली आवई कुणाची होती हे कुणालाच सांगता येत नाही. इथिलिनचं असंच आहे. तयार फळाला या गॅसचा वास लागला की ते स्वतः इथिलिन बनवू लागतं, त्यानं शेजारचं फळ जागं होतं, तेही बनवू लागतं. श्वसनाचा वेग एकदम वाढतो, स्टार्चची साखर होते, आंबटपणा उतरतो, साल हिरव्याची केशरी होते. अढीतला पेंढा ऊब धरून ठेवतो आणि ही आवई खोलीभर विखरू देत नाही. चेंबरमध्ये सगळ्या फळांच्या कानात एकाच वेळी कुजबुजतात, म्हणून पेटीतले सगळे आंबे एकाच दिवशी तयार होतात. अढीत मागे-पुढे होतात. घरी खायला मला अढीचीच पद्धत बरी वाटते, कारण चार डझन आंबे एका रविवारी कोण संपवणार? पण ती सोयीची गोष्ट झाली, शुद्धतेची नव्हे.

मग आंब्याच्या पेटीत ठेवतात ती कार्बाइडची पुडी? ती वाईटच, पण का वाईट ते नीट सांगायला हवं. १८९२ साली थॉमस विल्सन हा गृहस्थ अमेरिकेत ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याच्या खटपटीत होता. चुना आणि डांबर विजेच्या भट्टीत तापवल्यावर त्याला ॲल्युमिनियमऐवजी एक राखाडी दगड मिळाला, तोच कार्बाइड. पाणी लागलं की त्यातून गॅस निघायचा. तो ॲसिटिलीन. यावरच पुढे जत्रेतले कार्बाइडचे दिवे जळले आणि वेल्डिंगची दुकानं चालली. ॲसिटिलीन म्हणजे इथिलिनचा तोतया. दोन हायड्रोजन कमी, पण फळ फसतं. फसवायला डोस मात्र कितीतरी जास्त लागतो. खरी अडचण अशी की बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात आणि त्यांचे विषारी वायू ॲसिटिलीनबरोबर बाहेर पडतात. कार्बाइडला येणारा लसणासारखा वास या भेसळीचा. पहिला धोका पुड्या बांधणाऱ्या पोराला, मग खाणाऱ्याला. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी कार्बाइडने फळं पिकवायला बंदी केली. इथिलिन गॅसला मात्र हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत परवानगी आहे. 'रसायन वाईट' एवढं म्हणून या दोघांना एका दावणीला बांधलं, की पुडीवाल्याचंच फावतं.

आणि कुठलाही गॅस कोवळ्या आंब्याला गोड करू शकत नाही. रंग येईल, साखर कुठून येणार? झाडावर असताना जेवढा स्टार्च साठला असेल तेवढीच. कोकणातले बागाईतदार म्हणूनच सोळा आण्यांपैकी 'चौदा आणे' तयार झालेला आंबा झेल्याने देठासकट उतरवतात. मोसमाच्या सुरुवातीला चढ्या भावाच्या लोभाने बारा आण्यांतच झाड झोडपलं, तर अढी, चेंबर, काहीही करा, रंग देखणा आणि चव तुरट.

हे चौदा आणे मोजण्याचं शास्त्र पुण्यात घडलं, हे पुणेकरांना कुणी सांगत नाही. गणेशखिंडीची फळबाग १८७३ सालची. तिथे जी. एस. चीमा हे मुंबई इलाख्याचे उद्यानतज्ज्ञ होते. १९३२ आणि १९३३ साली हापूस बोटीने युरोपला पाठवण्याचे प्रयोग झाले. त्यांचा अहवाल चीमा आणि दाणी यांनी १९३४ साली लिहिला आणि त्यात आंब्याची तयारी खांद्यांवरून ओळखायला सांगितली. फळाचे खांदे देठाच्या पातळीत आहेत, की देठापेक्षा वर उचलले गेलेत? खांदे वर आले, हिरवा रंग निवळला, की आंबा प्रवासाला लायक. आजही जाणता आडत्या पेटी उघडली की आधी खांदे बघतो.

पुढे याच गणेशखिंडीत शीतगृहांच्या संशोधनात असलेल्या करमरकर आणि जोशी यांनी १९४१ साली हापूसच्या श्वसनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोडलेल्या आंब्याचं श्वसन पिकताना कसं एकदम चढतं, ते त्यांनी मोजलं. सफरचंदावर असंच काम केंब्रिजच्या किड आणि वेस्ट यांनी वीस-एक वर्षं आधी केलं होतं आणि पाठ्यपुस्तकात त्यांचीच नावं येतात. येऊ देत. पण ज्या फळावर महाराष्ट्र दर उन्हाळ्यात इतका जीव टाकतो, त्याचा श्वास मोजणाऱ्यांची नावं पुण्यातल्या कृषी पदवीधरालाही माहीत नसावीत, हे मला खटकतं.

सगळीच फळं या आवईला बळी पडत नाहीत. केळी, पपई, चिकू, पेरू, सीताफळ आणि टोमॅटो तोडल्यावरही पिकतात. द्राक्षं, डाळिंब आणि मोसंबी यांचं पिकणं झाडावरच संपतं. आंबट द्राक्षांचे घड तांदळाच्या डब्यात घालून गोडीची वाट बघणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की तांदूळ शिजवा. चीमांचं नाव आज टिकून आहे तेही अशाच एका फळावर. गणेशखिंडीत त्यांनी निवडलेल्या द्राक्षाच्या जातीला 'चीमा साहेबी' म्हणतात.