हेक्झाप्ला : एका पाठचिकित्सेचे भौतिक अधिष्ठान

प्राचीन ग्रंथाच्या संहितेचा विचार करताना ती ज्या वस्तूवर लिहिली गेली त्या वस्तूकडे अभ्यासकाचे सहसा लक्ष जात नाही. संहिता हीच खरी, आणि कातडे, शाई, शिवण ही केवळ तिची बाह्य उपाधी, अशी समजूत रूढ आहे. ख्रिस्ती शकाच्या तिसऱ्या व चौथ्या शतकांत पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील कैसरिया नगरात बायबलच्या पाठचिकित्सेचे जे कार्य झाले, त्याला मात्र ही समजूत लागू पडत नाही. ते कार्य कसे घडले आणि पुढे बव्हंशी का नष्ट झाले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुस्तकाच्या घडणीतच शोधावी लागतात.

ग्रीक व रोमन जगात ग्रंथ म्हणजे पपायरसची गुंडाळी. जुनी जन्मपत्रिका ज्याने उलगडली आहे त्याला तिची अडचण सांगावयास नको : पुढचा भाग उघडावा तो मागचा मिटत जातो, आणि दूरची दोन स्थळे एकाच वेळी डोळ्यांसमोर राहत नाहीत. पाने दुमडून व शिवून केलेले पुस्तक, म्हणजे कोडेक्स, पहिल्या शतकात रोममध्ये ठाऊक होते; परंतु वाङ्मयीन ग्रंथांसाठी गुंडाळीचीच प्रतिष्ठा दीर्घकाळ टिकली. ख्रिस्ती समाजाने मात्र आपल्या धर्मग्रंथांसाठी प्रारंभापासून कोडेक्सच पत्करला. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील जे ख्रिस्ती बायबल-लेख ईजिप्तच्या वाळूत सापडले, ते जवळजवळ सर्व कोडेक्सचेच अवशेष होत. असे का झाले याविषयी अनेक तर्क लढविले गेले, पण त्यांपैकी एकही निर्णायक नाही. त्या निवडीचा शास्त्रीय उपयोग कोणी केला, हे मात्र निश्चित सांगता येते.

ओरिगेन (सु. १८५–सु. २५४) हा मूळचा अलेक्झांड्रियाचा. सु. २३२ नंतर तो कैसरियास स्थायिक झाला. अँब्रोज नावाच्या धनिकाने त्याच्यासाठी सातांहून अधिक लघुलेखक, तितकेच नकलनवीस आणि सुंदर अक्षर काढणाऱ्या मुली पुरविल्या होत्या, असे युसेबियस आपल्या चर्चच्या इतिहासात नमूद करतो. या मुलींची नावे त्याने दिली असती तर बरे झाले असते.

हेक्झाप्ला या ओरिगेनच्या ग्रंथात हिब्रू बायबलची मांडणी सहा स्तंभांत केलेली होती. पहिल्यात हिब्रू मजकूर हिब्रू लिपीत आणि दुसऱ्यात तोच ग्रीक लिपीत होता. तिसऱ्यात अक्विलाचे, चौथ्यात सिमॅकसचे, पाचव्यात सेप्टुआजिंट म्हणजे सत्तरांचे, तर सहाव्यात थिओडोशनचे ग्रीक भाषांतर होते. एका ओळीत हिब्रूचा एखाद-दुसराच शब्द घेतल्यामुळे आडवी नजर फिरविताच त्या शब्दाची सर्व भाषांतरे दिसत. होमरच्या अलेक्झांड्रियन टीकाकारांची चिन्हेही ओरिगेनने उचलली. सत्तरांच्या भाषांतरात असलेल्या पण हिब्रूत नसलेल्या शब्दांपूर्वी आडवी रेघ आणि हिब्रूवरून नव्याने भरलेल्या शब्दांपूर्वी तारका तो देई. त्याने काहीही गाळले नाही. जे संशयास्पद वाटले ते केवळ चिन्हांकित केले. ग्रॅफ्टन व विल्यम्स या अभ्यासकांच्या २००६ सालच्या अंदाजानुसार या ग्रंथाचे सुमारे चाळीस जाड कोडेक्स भरले असावेत.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने दुसऱ्या स्तंभाचे मोल सर्वांत अधिक आहे. हिब्रू लेखनात मुख्यतः व्यंजनेच लिहिली जात. आज प्रचलित असलेली स्वरचिन्हे मॅसोरा पंडितांनी कित्येक शतकांनंतर सिद्ध केली. ग्रीक लिपीत स्वर लिहावेच लागतात. त्यामुळे या पंडितांपूर्वीचा उच्चार दुसऱ्या स्तंभात नोंदला गेला. 'भूमी' या अर्थाचा शब्द मॅसोरा परंपरेत 'एरेत्स' असा द्व्यक्षरी वाचतात. या स्तंभात त्याचे 'अर्स' असे एकाक्षरी रूप मिळते. दुसरा स्वर उत्तरकालीन होय, हे अनुमान तौलनिक व्याकरणावरून करता येतेच, पण येथे त्याला लेखी पुरावा लाभतो. ग्रीक लिपीत हिब्रूचे अनेक ध्वनी मुळीच दाखविता येत नाहीत, हे ध्यानात ठेवूनच तो वापरावा लागतो.

ओरिगेनच्या पश्चात पॅम्फिलसने कैसरियाचे ग्रंथालय वाढविले. छळाच्या काळात इ. स. ३१० मध्ये त्याला देहान्त शासन झाले. त्याचा शिष्य युसेबियस याने चारही शुभवर्तमानांचे परिच्छेद क्रमांकित करून दहा कोष्टके तयार केली. एकच प्रसंग मत्तय, मार्क, लूक व योहान यांत कोठे येतो ते त्यांवरून तत्काळ कळे. समासात परिच्छेदाच्या क्रमांकाखाली कोष्टकाचा क्रमांक लाल शाईने लिहावा, अशी त्याची सूचना होती. पान उलटून हवे ते स्थळ गाठता येते, हे गृहीत धरूनच ही योजना आखलेली आहे.

कोष्टके आटोपशीर असल्याने जगभर गेली. हेक्झाप्लाची संपूर्ण नक्कल करणे मात्र कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. प्रसार झाला तो मुख्यतः पाचव्या स्तंभाचा. आणि नकलनवीसांनी चिन्हे गाळली किंवा भलत्याच जागी घातली. परिणामी तारका देऊन भरलेले शब्द सत्तरांचेच आहेत असे वाटू लागले. जो ग्रंथ पाठभेद वेगळे राखण्यासाठी रचला, त्यानेच पाठांचा संकर वाढविला. तेल्लाच्या पॉलने इ. स. ६१६–१७ मध्ये केलेल्या सिरियाक भाषांतरात चिन्हे बरीचशी जपली गेली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. मूळ प्रत जेरोमने चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात कैसरियास पाहिली होती. पुढे ती लुप्त झाली.

सिनाय पर्वतावरील मठातून आलेल्या चौथ्या शतकातील प्रसिद्ध बायबल-प्रतीत एस्तेरच्या ग्रंथाअखेर एका उत्तरकालीन शोधकाची टीप आहे. खुद्द पॅम्फिलसने तुरुंगात असताना हेक्झाप्लावरून शुद्ध केलेल्या एका अतिप्राचीन प्रतीशी हा पाठ ताडून पाहिला, असे तीत म्हटले आहे. स्तंभांचा पुरावा मात्र खरवडलेल्या चर्मपत्रांतूनच मिळाला. कैरोच्या सिनॅगॉगमधील जीर्ण कागदपत्रांत एका हिब्रू लेखाखाली बाविसाव्या स्तोत्राचा अंश सापडला. चार्ल्स टेलर यांनी तो १९०० मध्ये प्रसिद्ध केला. मिलानमध्ये जिओव्हानी मेर्काती यांना आढळलेल्या प्रतीतील स्तोत्रांचे अवशेष १९५८ मध्ये छापले गेले. दुसऱ्या स्तंभाचा सलग मजकूर मुख्यतः तेथेच मिळतो. हिब्रू लिपीतील पहिला स्तंभ मात्र त्या प्रतीत लिहिलेलाच नाही.