मूलपेशीरोपणानंतरची गृहशुश्रूषा

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. आज त्याच संस्थेचे रोपणकेंद्र रायगड जिल्ह्यात, खारघर येथे आहे. रोपित मूलपेशींपासून श्वेतपेशी साधारणतः दोन ते चार आठवड्यांत निर्माण होऊ लागतात. तथापि प्रतिकारशक्ती पूर्ववत् होण्यास कित्येक महिने लागतात. रुग्ण घरी परततो तो नेमका या उणिवेच्या काळात. म्हणून अलिबाग-मुरुडकडील कुटुंबाने विहिरीचे पाणी उकळून द्यावे, कालवे पूर्ण शिजविल्यावाचून वाढू नयेत, पावसाळ्यात भिंतींस बुरशी धरू देऊ नये व वाडीतील मातीकाम रुग्णास करू देऊ नये. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर पोहोचताच, काढा वा गोळी देऊन सकाळची वाट न पाहता, केंद्राशी संपर्क साधावा. कारण अशा अवस्थेत जंतुसंसर्ग काही तासांतच प्राणघातक ठरू शकतो. शुश्रूषेचे मर्म सेवेइतकेच या जागरूकतेत आहे.