कॉफीचं सोडा, बसायचे किती?

तामलवाडीच्या टोल नाक्याच्या आसपास सोलापूरहून तुळजापूरला निघालेली गाडी हमखास कडेला लागते. टपरीवरचा एक कट चहा, आणि बाकडं फुकट. त्या एका कटवर अर्धा तास बसा, शेजारच्या अनोळखी माणसाशी सोयाबीनच्या भावावरून हुज्जत घाला, 'उठा' म्हणायची कुणाची टाप नाही.

हाच अर्धा तास परदेशात केवढ्याला पडतो, माहीत आहे का? चला तर मग. आणि हो, 'मग' हातात घेऊनच चला!

पहिला स्टॉप इटली. तिथे कॉफी प्यायला 'बार'मध्ये जातात. दचकू नका, घरी कळलं तरी चालेल! इटलीत कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात. गंमत रेटकार्डात आहे. काउंटरला टेकून उभ्याउभ्या एस्प्रेसो मारलात तर एक भाव, तोच कप टेबलवर मागवलात तर दुसरा आणि चढा. कॉफी तीच, मशीन तेच. फरकाचे पैसे बूड टेकवण्याचे.

मिलान स्टेशनजवळच्या एका बारमध्ये अस्मादिकांनी मोठ्या ऐटीत 'लाते' मागवली. समोर काय आलं? ग्लासभर कोमट दूध! चूक माझीच. इटालियन भाषेत 'लाते' म्हणजे नुसतं दूध, कॉफी हवी तर 'काफे लाते' म्हणायचं. आजूबाजूचे लोक एका घोटात एस्प्रेसो संपवून ऑफिसला पळत होते आणि मी शहाण्या बाळासारखा दूध पीत उभा.

बरं, त्या एस्प्रेसोत कुठल्या बिया असतात, माहीत आहे का? भारतीय कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली आहे आणि भारतातली सुमारे सत्तर टक्के कॉफी पिकते कर्नाटकात. आपल्या तामलवाडीवरून जाणारा ५२ नंबरचा हायवे सोलापूर ओलांडून ज्या कर्नाटकात शिरतो, तेच कर्नाटक. म्हणजे शेजाऱ्याची कॉफी प्यायला आपण विमानाने रोमला जातो. आहे की नाही 'काफी' लांबचा फेरा?

व्हेनिसला मात्र खिसा सांभाळा. सान मार्को चौकातलं 'फ्लोरिअन' हे कॅफे १७२० सालापासून चालू आहे. इकडे थोरले बाजीराव नुकतेच पेशवे झाले होते, तेव्हा तिकडे पहिली कॉफी उकळली! चौकात कॅफेचा वाद्यवृंद वाजत असतो. छान वाटतं, आपण मान डोलावतो. मग बिलात कळतं, संगीताचा आकार वेगळा. डोलावलेल्या मानेचेही पैसे! कप बघून नाही, बिल बघून 'कप'-आळाला हात.

आता उलटा नमुना. व्हिएन्ना! एक कॉफी मागवा आणि दिवसभर बसा. वेटर छोट्या चांदीसारख्या ट्रेमधून कप आणतो, शेजारी पाण्याचा ग्लास, ग्लासवर चमचा पालथा ठेवलेला. कॉफी संपली म्हणून तुम्हाला कुणी उठवत नाही. काठीच्या चौकटीत अडकवलेली वर्तमानपत्रं असतात, ती चाळत बसा. पेपर काठीला बांधलेला असल्यामुळे शेजारचा 'जरा आतलं पान द्या' म्हणू शकत नाही, एवढीच आपल्या टपरीपेक्षा अडचण. ऑस्ट्रियाने तर २०११ साली ही कॉफीहाउस संस्कृती आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीतच घातली. निवांत बसून राहणं हा राष्ट्रीय वारसा! आपल्याकडे त्याला 'रिकामटेकडेपणा' म्हणतात. नशीब एकेकाचं.

तिथल्या 'कॅफे सेंट्रल'मध्ये पीटर आल्टेनबर्ग नावाचा लेखक इतका बसायचा, इतका बसायचा, की लोकांना पत्ता म्हणून तो कॅफेचाच द्यायचा. टपाल तिथेच! आजही दारातून आत शिरलात की मिशाळ आल्टेनबर्ग टेबलाशी बसलेला दिसतो. घाबरू नका, पुतळा आहे. रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीही क्रांतीच्या आधी इथेच बुद्धिबळ खेळायचा. राजा आधी पटावर पडला, मग रशियात.

राजे लोक कॉफीला बिचकत, हे खरंच आहे बरं का. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीहाउसं बंद करण्याचा हुकूम काढला. कारण? तिथे बसून लोक सरकारला नावं ठेवतात! (टपरीवर दुसरं काय करतात?) लोक असे खवळले की हुकूम लागू व्हायच्या आतच महाराजांनी तो गुंडाळला.

त्याच इंग्लंडात, लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसात खलाशी आणि जहाजमालक गप्पा छाटायला जमायचे. गप्पांतून जहाजांच्या विम्याचे सौदे ठरू लागले आणि त्यातून उभं राहिलं 'लॉइड्स ऑफ लंडन', जगातलं बडं विमा मार्केट. तिथल्या गणवेशातल्या कर्मचाऱ्यांना आजही काय म्हणतात, माहीत आहे का? 'वेटर'! कप गेले, हुद्दा राहिला.

आणि २०१४ मध्ये याच लंडनने कळस केला. 'झिफरब्लाट' नावाच्या रशियन कॅफेने तिथे शाखा काढली. कॉफी फुकट, बिस्किटं फुकट, पैसे फक्त बसण्याचे. तेव्हा मिनिटाला तीन पेनी! आत शिरताना घड्याळ घ्यायचं, निघताना मिनिटं मोजून द्यायची. आमच्या गावात हा मीटर लावला तर काही मंडळींच्या जमिनी संध्याकाळपर्यंत गहाण पडतील.

सिएटलला स्टारबक्सचं 'पहिलं' दुकान बघायला दाराबाहेर रांग असते. ट्विस्ट नंबर एक: १९७१ मधली मूळ जागा ही नव्हेच, दुकान नंतर इथे हललं. ट्विस्ट नंबर दोन: आत बसायला खुर्चीच नाही!

खुर्ची सोडायचा कंटाळा म्हणाल तर केंब्रिजचे संगणकवाले अव्वल. कॉफीचं भांडं दुसऱ्या खोलीत. उठून जावं तर रिकामं! म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि चित्र आपापल्या स्क्रीनवर घेतलं. पुढे तेच इंटरनेटवर गेलं आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून गाजलं. भांडं २००१ मध्ये लिलावात ३,३५० पौंडांना विकलं गेलं. आळसाला एवढा भाव कुठेच आला नसेल.

तैपेईत १९९८ मध्ये पहिलं मांजर-कॅफे उघडलं. तिथे खुर्चीवर मांजर, आपण जमेल तिथे.

हनोईत या, घरचंच वाटेल. फुटपाथवर वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं, गुडघे हनुवटीला. १९४६ च्या सुमारास दुधाची टंचाई होती, तेव्हा एका हॉटेलातल्या बारटेंडरने कॉफीवर अंड्याचा पिवळा बलक फेटून घातला. 'एग कॉफी' जन्मली आणि त्याचं 'कॅफे जांग' अजून चालतं. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. वर जाड पिवळी साय, चमच्याने खायची. नाक मुरडू नका, चव थेट कस्टर्डची!

इथिओपिया तर कॉफीचं माहेर. तिथे कॉफी म्हणजे जवळजवळ पूजाच. जमिनीवर हिरवं गवत अंथरतात, धूप पेटवतात, बिया समोर भाजतात. तीन फेऱ्या होतात, तिसरीचं नाव 'बरका', म्हणजे आशीर्वाद. सोबत नैवेद्य कसला, माहीत आहे का? पॉपकॉर्न!

नेपल्समध्ये एक झकास रीत आहे, 'काफे सोस्पेसो'. स्वतः एक कॉफी प्यायची, पैसे दोनचे द्यायचे. दुसरी कॉफी पुढे येणाऱ्या कुणा गरजूची. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा.

हे ऐकून तामलवाडीकर म्हणेल, यात नवल काय? कोजागरीला सोलापूरहून हजारो माणसं तुळजापूरला पायी निघतात, सुमारे ४५ किलोमीटर. वाटेत जागोजागी मोठमोठ्या पातेल्यांत चहा उकळत असतो. घ्या माऊली, घ्या. पैसे कुणी विचारत नाही, नाव कुणी सांगत नाही. आणि बाकडी? रिकामी! पाय आखडतील म्हणून कुणी बसतच नाही. रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या दोन घोट, 'आई राजा उदो उदो', आणि कप पुढच्याच्या हातात.