चौकट : चुना लावलेल्या भिंती आणि क्रानाखची वेदी

प्रोटेस्टंट पंथाने चित्रकलेशी वैरच धरले, हा समज अर्धाच खरा आहे. 1522 च्या आरंभी विटेनबर्गमध्ये धर्मसुधारक कार्लश्टाटच्या प्रेरणेने चर्चमधली चित्रे आणि मूर्ती हटवण्याची लाट उठली. मार्टिन ल्यूथर वार्टबुर्ग किल्ल्यातला अज्ञातवास सोडून मार्चमध्ये परतला आणि सलग आठ प्रवचने देऊन त्याने ही घाई रोखली. चित्राची पूजा नको, पण शिकवणीसाठी ते चालेल, अशी त्याची भूमिका होती. झुरिकमधला धर्मसुधारक झ्विंग्ली अधिक कडक होता. तिथे 1524 च्या उन्हाळ्यात नगरसभेच्या आदेशाने चर्च रिकामी झाली, भिंतींना चुना लागला.

ल्यूथरचा स्नेही, चित्रकार लुकास क्रानाख याच्या कार्यशाळेतले वेदीचित्र 1547 मध्ये विटेनबर्गच्या नगरचर्चमध्ये बसवले गेले. वर प्रभुभोजन, बाप्तिस्मा आणि पापकबुली. खालच्या फलकात एकीकडे उपदेश करणारा ल्यूथर, दुसरीकडे बायामुलांसह मंडळी, आणि दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत क्रूसावरचा ख्रिस्त. ल्यूथरचा एक हात बायबलवर, दुसरा ख्रिस्ताकडे. प्रवचनातून कानावर पडणारा ख्रिस्त इथे डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रोटेस्टंट श्रद्धेचे इतके नेमके चित्र दुसरे क्वचितच सापडेल.

पुढे नेदरलँड्समध्ये पीटर सानरेडामने (1597–1665) पांढऱ्या भिंतींची चर्चच चित्रविषय केली. त्यांतला प्रकाश ध्यानाला बसवतो.

क्रानाखची वेदी आजही त्याच चर्चमध्ये आहे. विटेनबर्गला गेलात, तर आधी खालचा फलक पाहा.